खासदाराची जागा रिकामी झाली तर? लोकसभा पोटनिवडणुकीचे नियम, मुदत आणि आपल्या भागातला अनुभव

पोखर्णी (जि. परभणी) : २० नोव्हेंबर २०२४ रोजी राज्यभर विधानसभेचं मतदान झालं. पोखर्णीच्या मतदाराने आमदारासाठी एक बटण दाबलं, बोटाला शाई लावून घेतली आणि तो घरी आला. त्याच दिवशी नायगाव, देगलूर, मुखेड, भोकरकडे राहणाऱ्या त्याच्या पाहुण्यांनी मात्र दोन यंत्रांवर दोन बटणं दाबली, एक आमदारासाठी आणि एक खासदारासाठी. त्यावर आपल्याकडे बऱ्याच जणांनी विचारलं होतं की खासदार तर एप्रिलमध्येच निवडला, मग नांदेडला परत कशाला? परभणी आणि नांदेड दोन्ही मतदारसंघांत लोकसभेचं मतदान एकाच दिवशी, २६ एप्रिल २०२४ला झालं होतं.

कारण साधं होतं. नांदेडचे नवे खासदार वसंतराव चव्हाण यांचं २६ ऑगस्ट २०२४ रोजी निधन झालं. निवडून येऊन तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते. जागा रिकामी झाली आणि ती भरण्यासाठी पोटनिवडणूक लागली. हा प्रश्न नांदेडपुरता नाही. बीडला हे घडलं, पालघरला घडलं, साताऱ्याला घडलं. पुण्यात आणि चंद्रपुरात पोटनिवडणूक व्हायला हवी होती, पण ती झालीच नाही. तेव्हा कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय होतं, हे एकदा नीट पाहून घेऊ.

जागा रिकामी होते म्हणजे काय

सगळ्यांना माहीत असलेली दोन कारणं म्हणजे मृत्यू आणि राजीनामा. याशिवाय न्यायालयाने दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा सुनावली तर सदस्यत्व जातं. २०१३च्या लिली थॉमस निकालानंतर अपील करायला वेळ देणारी जुनी सवलत राहिली नाही, शिक्षा झाली की अपात्रता लगेच लागते. पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र ठरलेल्या खासदाराची जागाही रिकामी होते. निवडणूकच न्यायालयाने रद्द ठरवली तरी तेच. आणि एक कमी माहितीतलं कारण म्हणजे सभागृहाच्या परवानगीशिवाय सलग ६० दिवस गैरहजर राहिलं, तर सभागृह ती जागा रिकामी जाहीर करू शकतं.

दोन मतदारसंघांतून निवडून आलेल्या उमेदवाराला १४ दिवसांत एक जागा सोडावी लागते. सोडलेल्या जागी पुन्हा निवडणूक, पुन्हा मतदान केंद्रं, पुन्हा पोलीस बंदोबस्त. हा खर्च सरकारी तिजोरीतून होतो, दोन ठिकाणी उभं राहणाऱ्याच्या खिशातून नाही. यावर अनेकदा टीका झाली, पण कायदा अजून तसाच आहे.

आपल्याकडे खासदार मंत्री झाला तरी खासदार राहतोच. सगळीकडे तसं नाही. म्यानमारच्या २००८च्या राज्यघटनेनुसार खासदार मंत्री झाला की त्याला संसदेतली जागा सोडावी लागते. तिथे १ एप्रिल २०१२ला ४५ जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या, त्यातल्या बहुतेक जागा अशाच रिकाम्या झालेल्या होत्या. आंग सान सू ची यांच्या पक्षाने ४४ जागा लढवून ४३ जिंकल्या आणि वर्षानुवर्षं नजरकैदेत राहिलेल्या सू ची पहिल्यांदा संसदेत गेल्या. मंत्र्यांनी सोडलेल्या खुर्च्यांमधून विरोधी पक्ष सभागृहात शिरला, असं म्हटलं तरी चालेल.

सहा महिन्यांचा नियम आणि त्याची फट

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१चा. त्यात १९९६ साली कलम १५१-अ घातलं गेलं. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेतली पाहिजे, असं हे कलम सांगतं. अपवाद दोनच. पहिला, त्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर. दुसरा, निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून "या मुदतीत निवडणूक घेणं कठीण आहे" असं प्रमाणित केलं तर.

नांदेडचा हिशेब सरळ बसला. २६ ऑगस्टला जागा रिकामी, १५ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर, २९ ऑक्टोबर अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, ३०ला छाननी, ४ नोव्हेंबरपर्यंत माघार, २०ला मतदान, २३ला मोजणी. तीन महिन्यांच्या आत सगळं उरकलं. विधानसभेची निवडणूक तोंडावर होतीच, त्यामुळे आयोगाचंही काम सोपं झालं. बीडलाही असंच झालं होतं. गोपीनाथ मुंडे यांचं ३ जून २०१४ला दिल्लीत अपघाती निधन झालं आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेबरोबरच लोकसभेचं मतदान घेतलं गेलं. साताऱ्यात उदयनराजे भोसले यांनी सप्टेंबर २०१९मध्ये राजीनामा दिला आणि २१ ऑक्टोबरला मतदान झालं.

पुण्याचं मात्र वेगळं. खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ला निधन झालं. त्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४पर्यंत होती, म्हणजे एक वर्षाहून जास्त काळ बाकी होता. पहिला अपवाद लागू होत नव्हता. तरी निवडणूक जाहीर झाली नाही. आयोगाचं म्हणणं असं की यंत्रणा इतर निवडणुकांच्या कामात आहे, आणि निवडून येणाऱ्याला काम करायला वेळही फार मिळणार नाही. पुण्यातल्या एका मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयाने आयोगाची कारणं फेटाळली आणि तातडीने पोटनिवडणूक घ्या असा आदेश दिला. जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि मे महिन्यात सार्वत्रिक निवडणूक येईपर्यंत पुणे शहराला लोकसभेत खासदारच नव्हता. चंद्रपूरचे बाळू धानोरकर ३० मे २०२३ला गेले, तीही जागा तशीच रिकामी राहिली.

या काळात मतदारांचं काय नुकसान होतं? संसदेत त्या भागाचा प्रश्न विचारणारा कोणी नाही. खासदार निधी वर्षाला पाच कोटी रुपयांचा असतो, त्यातून नव्या कामाची शिफारस करायला सही करणारा हात नाही. रेल्वेचा थांबा, विमा, पासपोर्ट, परदेशात अडकलेल्या पोराची तक्रार अशा गोष्टी लोक खासदाराच्या कार्यालयात घेऊन जातात, ते दार बंद. आमदार असतो, पण केंद्राकडच्या कामात त्याचं पत्र तेवढं चालत नाही.

लक्षद्वीप : इथे मात्र घाई

आता दुसरं टोक बघा. लक्षद्वीप हा देशातला सर्वांत लहान लोकसभा मतदारसंघ, आणि तिथली वस्ती जवळपास सगळी मुस्लिम. तिथले खासदार मोहम्मद फैजल यांना ११ जानेवारी २०२३ला सत्र न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा सुनावली. १३ जानेवारीला लोकसभा सचिवालयाने त्यांना अपात्र ठरवलं. १८ जानेवारीला निवडणूक आयोगाने पोटनिवडणूक जाहीरही केली, मतदान २७ फेब्रुवारीला. पाच दिवसांत!

२५ जानेवारीला केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धीच स्थगित केली. मग आयोगाला पोटनिवडणूक थांबवावी लागली. तरीही सदस्यत्व परत मिळायला २९ मार्च उजाडला. योगायोग असा की पुण्याची जागा रिकामी झाली ती याच तारखेला. एकीकडे पाच दिवसांत निवडणूक जाहीर होते, दुसरीकडे वर्ष उलटलं तरी होत नाही. कायदा दोन्हीकडे तोच आहे. सहा महिन्यांची वरची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे, पण आधी किती थांबायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. त्याच मार्चमध्ये राहुल गांधींची वायनाडची जागा रिकामी झाली, तेव्हा अपिलासाठी दिलेल्या मुदतीचा हवाला देत आयोगाने घाई नसल्याचं सांगितलं. लक्षद्वीपच्या अनुभवानंतर ते शहाणपण आलं असावं, असं आमचं मत.

मलेशियात राज्यघटनेतच ६० दिवसांची मुदत आहे. जागा रिकामी असल्याचं निवडणूक आयोगाने निश्चित केलं की त्या दिवसापासून मोजायची. मात्र संसदेची मुदत संपायला दोन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर सहसा पोटनिवडणूक होत नाही. सध्याचे पंतप्रधान अन्वर इब्राहिम दोन वेळा पोटनिवडणुकीतूनच संसदेत परतले आहेत. २००८ला त्यांच्या पत्नी वान अजीजा यांनी परमातांग पाउहची जागा सोडली, आणि २०१८ला पोर्ट डिक्सनची जागा पक्षाच्या खासदाराने त्यांच्यासाठी रिकामी केली.

आपल्याकडेही हे नवं नाही. १९९१ला बारामतीतून निवडून आलेल्या अजित पवारांनी काकांसाठी जागा सोडली आणि शरद पवार पोटनिवडणुकीतून लोकसभेत जाऊन संरक्षणमंत्री म्हणून बसले. त्याआधी १९६३ला यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकमधून बिनविरोध निवडून आले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मात्र १९५४च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले. घटना लिहिणाऱ्या माणसाला पोटनिवडणुकीनेही लोकसभेचं दार उघडून दिलं नाही.

नांदेडचे १,४५७

पोटनिवडणुकीत बहुतेक वेळा गेलेल्या खासदाराच्या घरातलाच माणूस उभा राहतो. बीडला प्रीतम मुंडे उभ्या राहिल्या आणि तब्बल ६ लाख ९६ हजारांच्या फरकाने जिंकल्या. राष्ट्रवादीने तिथे उमेदवारच दिला नव्हता. पण सहानुभूती प्रत्येक वेळी चालतेच असं नाही. पालघरला भाजपचे खासदार चिंतामण वनगा वारले, त्यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले आणि मे २०१८मध्ये भाजपच्या राजेंद्र गावितांकडून हरले. पुढच्याच वर्षी ती जागा युतीत शिवसेनेकडे गेली आणि गावितच शिवसेनेचे उमेदवार होऊन निवडून आले! मतदाराने कुणाला लक्षात ठेवायचं, पक्षाला की माणसाला?

नांदेडचं पोटनिवडणुकीशी नातं जुनं आहे. शंकरराव चव्हाण १९८६ला मुख्यमंत्री होऊन राज्यात परतले, तेव्हा त्यांची लोकसभेची जागा रिकामी झाली. १९८७च्या पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण तिथून पहिल्यांदा निवडून आले. समोर प्रकाश आंबेडकर होते.

२०२४ला काँग्रेसने वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण यांना उभं केलं, भाजपने संतुकराव हंबर्डे यांना. एप्रिलमध्ये वसंतराव ५९ हजारांहून जास्त मतांनी जिंकले होते. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा फरक राहिला अवघा १,४५७ मतांचा. रवींद्र चव्हाण यांना ५ लाख ८६ हजारांवर मतं, हंबर्डे यांना ५ लाख ८५ हजारांवर.

खरी गंमत पुढे आहे. याच लोकसभा मतदारसंघातल्या विधानसभेच्या सहाच्या सहा जागा, म्हणजे भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड, त्याच दिवशी महायुतीने जिंकल्या. म्हणजे एकाच खोलीत, एकाच वेळी, पाच पावलांच्या अंतरावर ठेवलेल्या दोन यंत्रांवर हजारो मतदारांनी वेगवेगळी चिन्हं दाबली. आमदार एका बाजूचा, खासदार दुसऱ्या बाजूचा. लोकांना काही कळत नाही, ते लाटेबरोबर वाहतात, असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल एकदा शांतपणे वाचावा.

आणि १,४५७ म्हणजे किती? एका मतदान केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार ठेवायचा आयोगाचा तेव्हाचा नियम होता. संपूर्ण लोकसभा मतदारसंघाचा निकाल एका केंद्राच्या यादीपेक्षा कमी मतांवर लागला.

मतदान घसरतं तेव्हा

नांदेड, बीड, सातारा या पोटनिवडणुका विधानसभेबरोबर झाल्या म्हणून लोक बाहेर पडले. एकटी पोटनिवडणूक असली की उत्साह कमी असतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचं उदाहरण आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. आजम खान आमदार झाले आणि त्यांनी लोकसभेची जागा सोडली. जून २०२२च्या पोटनिवडणुकीत तिथे मतदान झालं जेमतेम ४१ टक्के, आणि जागा भाजपकडे गेली, ४२ हजारांच्या फरकाने. मतदारांना अडवलं गेल्याच्या तक्रारीही समाजवादी पक्षाने केल्या होत्या. त्याच दिवशी आजमगढमध्ये समाजवादी पक्ष साडेआठ हजारांच्या आसपास मतांनी हरला, तर बसपचे शाह आलम यांना अडीच लाखांहून जास्त मतं पडली.

याच्या उलट २०१८चं कैराना. २०१४ला उत्तर प्रदेशातून एकही मुस्लिम खासदार निवडून आला नव्हता. विरोधकांनी मिळून तबस्सुम हसन यांना उभं केलं आणि पोटनिवडणुकीतून त्या लोकसभेत गेल्या. तो दिवस २८ मे २०१८, आपल्या पालघर आणि भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीचाही तोच. भंडारा-गोंदियात नाना पटोले यांनी भाजप सोडून राजीनामा दिल्याने जागा रिकामी होती. भर उन्हात यंत्रं इतक्या ठिकाणी बंद पडली की ४९ केंद्रांवर ३० मेला फेरमतदान घ्यावं लागलं. राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे जिंकले, पण खासदारकी मिळाली वर्षभराची. पोटनिवडणुकीतून आलेल्याला पाच वर्षं मिळत नाहीत, उरलेली मुदत मिळते.

राज्यसभेची रिकामी जागा

इथे आपण मत देत नाही, आमदार देतात. हिंगोलीचे माजी खासदार राजीव सातव राज्यसभेत होते. कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने १६ मे २०२१ला ते गेले. सप्टेंबरमध्ये रजनी पाटील त्या जागी बिनविरोध आल्या, भाजपने आपला उमेदवार मागे घेतला.

राज्यसभेची नियमित निवडणूक असते तेव्हा एकाच वेळी अनेक जागा भरायच्या असतात, म्हणून कमी आमदार असलेल्या पक्षालाही त्याच्या वाट्याची जागा मिळते. परभणीच्या डॉ. फौजिया खान २०२०मध्ये अशाच निवडणुकीतून गेल्या. पोटनिवडणुकीत मात्र प्रत्येक जागा वेगळी धरली जाते. एकाच दिवशी दोन जागा असल्या तरी दोन वेगळ्या निवडणुका. त्यामुळे ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त आमदार, त्याच्याच पदरात दोन्ही. २०२४ला उदयनराजे आणि पीयूष गोयल लोकसभेवर गेल्याने महाराष्ट्रातल्या दोन जागा रिकाम्या झाल्या, दोन्ही सत्ताधाऱ्यांकडे बिनविरोध गेल्या. लहान पक्षांना आणि अल्पसंख्याक समाजाला राज्यसभेत माणूस पाठवायचा तर नियमित निवडणुकीतच जोर लावावा लागतो, तो यासाठी.

घरातल्या यादीकडे बघताना

नांदेडला कार्यक्रम जाहीर झाल्यापासून अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत फक्त १४ दिवस होते. मतदार यादीत नाव घालायचं ते याच काळात. त्यानंतर यादी बंद. शिवाय अर्ज दिला की हरकतींसाठी सात दिवस जातात. म्हणजे पोटनिवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून फारसा उपयोग नसतो. यादी आधीच बघून ठेवावी.

आपल्या घरांमध्ये गडबड होते ती ठरलेल्या जागी. शेख रहीम शेख करीम हे नाव आधार कार्डावर एका क्रमाने, यादीत दुसऱ्या क्रमाने. पठाण, सय्यद कधी पुढे, कधी मागे. बायकांच्या नावात कुठे बी, कुठे बेगम, कुठे काहीच नाही. निकाह होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या गावच्या यादीत तसंच राहिलेलं, आणि सासरी अजून आलेलं नाही. अशा दुरुस्तीसाठी आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरायचा. नव्याने नाव घालायला नमुना ६. अठरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चार वेळा धरली जाते : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे पोराला पुढच्या जानेवारीची वाट पाहायला लावू नका.

नमुना ७ हा नाव वगळण्यासाठीचा. घरात कुणाचा इंतकाल झाला असेल तर तो आपण स्वतः भरावा. पण त्याच मतदारसंघाच्या यादीत असलेला दुसरा मतदारही तुमच्या नावावर हरकत घेऊ शकतो. तशी नोटीस आली तर ती कपाटात ठेवू नका, दिलेल्या तारखेला कागद घेऊन हजर राहा. न गेल्यास नाव कापलं जाण्याची भीती असते.

मतदार ओळखपत्र हरवलं असेल तरी मतदान करता येतं. आधार कार्ड, वाहन परवाना, पॅन कार्ड, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड यातलं एक चालतं. पण यादीत नाव हवंच, ते नसेल तर दहा कार्डं दाखवून उपयोग नाही.

पुणे, मुंबई, हैदराबादला कामाला असलेल्यांसाठी : कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते, ती पोटनिवडणुकीलाही लागू आहे. कामाचं ठिकाण मतदारसंघाच्या बाहेर असलं तरी नाव जिथे आहे तिथली निवडणूक असेल तर सुट्टी मागता येते. रोजंदारीवाल्यालाही हा हक्क आहे. आखाती देशात असलेल्यांना नमुना ६-अ भरून नाव ठेवता येतं, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. घरातल्या दुसऱ्या कुणाला त्यांच्या जागी मत देता येत नाही.

यादीतलं नाव शोधायला, तक्रार नोंदवायला १९५० हा क्रमांक आहे. गावातल्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, छापील यादी असते. बहुतेक ठिकाणी शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी ताईच हे काम बघतात.